उभ्या जन्माचं म्हातारपण

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक आधी रंग बघतं, अंगावरचे भोवरे बघतं, चाल बघतं, आणि मग काही न बोलता घोड्याचा ओठ वर उचलतं. मालकानं सांगितलेलं वय एक आणि दातांनी सांगितलेलं दुसरंच निघालं, की सौदा तिथंच अडतो. जगभरचे घोडेवाले हेच करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सिडनी गॅलव्हेन नावाच्या घोडे शिकवणाऱ्यानं या विद्येतली एक खूण प्रसिद्ध केली. वरच्या जबड्यात पुढच्या दातांपैकी अगदी कडेचा जो दात, त्याच्यावर एक उभी खाच असते. ती साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ डोकावते, पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी दातभर दिसते आणि मग हिरडीकडूनच पुसली जात तिसाव्या वर्षी नाहीशी होते. आजचे पशुवैद्य म्हणतात, हिच्यावर डोळे मिटून विसंबू नका, घोड्यागणिक फरक पडतो. पण खाच सरकते हे खरं. आणि खाच सरकते, कारण अख्खा दातच सरकत असतो.

घोड्याच्या दाढेचा फार थोडा भाग तोंडात दिसतो. उरलेली दाढ जबड्याच्या हाडात गाडलेली असते. तरुण घोड्यात तिची एकूण लांबी सात ते दहा सेंटिमीटर भरते. गवत हे दिसायला कोवळं, पण त्यात सिलिकाचे कण असतात, वर माती चिकटलेली असते. ते दिवसाचे पंधरा-सोळा तास रगडायचं म्हणजे दाढ झिजणारच. दरवर्षी ती दोन-तीन मिलिमीटर झिजते आणि जवळजवळ तितकीच हाडातून वर येते, पेन्सिलीचं शिसं वापरू तसं पुढे सरकवावं तशी. आता गणित मांडून बघा. शिल्लक सत्तर ते शंभर मिलिमीटर, खर्च वर्षाला दोन-तीन. हिशेब पंचवीस-तीस वर्षांच्या आसपास संपतो, आणि घोड्याचं सर्वसाधारण आयुष्यही तेवढंच असतं. जन्माला येतानाच त्याला किती गवत खायचं ते मोजून दिलंय की काय, असं वाटतं.

अपवाद असतातच. इंग्लंडातल्या लँकेशरमधला ओल्ड बिली हा कालव्यावर नावा ओढणारा घोडा १७६० मध्ये जन्मला आणि १८२२ मध्ये मेला. बासष्ट वर्षं! त्याची कवटी आजही मँचेस्टरच्या संग्रहालयात आहे. पण बिलीच्या नादी लागून कुणी आपल्या पंचविशीतल्या घोड्याचे हिशेब करू नयेत. पंधरावं वर्ष ओलांडलं की पशुवैद्य घोड्याला वयस्कर धरू लागतात, आणि तिथून पुढे त्याची काळजी महिन्यांच्या नाही, ऋतूंच्या हिशेबानं घ्यावी लागते.

थंडीपासून सुरुवात करू. थंड देशांत म्हाताऱ्या घोड्याची खरी परीक्षा तेव्हाच असते. बर्फात उभा असलेला घोडा पाहून आपल्याला त्याची कीव येते, पण अंग भरलेला, कोरडा, थंडीला सरावलेला तरणा घोडा उणे दहा-पंधरा अंशांतही मजेत असतो. त्याची ऊब येते वैरणीतून. घोड्याचं आमाशय शरीराच्या मानानं लहान, पण त्याच्यामागे प्रचंड मोठं आतडं आहे. एकट्या अंधनालात तीस लिटरच्या आसपास माल मावतो. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव गवताचा तंतू आंबवतात, आणि त्या आंबण्यातून उष्णता निघते. म्हणून थंडी वाढली की चंदी वाढवायची हा आपला समज चुकीचा आहे. वाढवायचं ते गवत. दाण्यातून ताकद मिळते, पण रात्रभर पुरणारी ऊब तंतूंतून मिळते.

आता या यंत्रणेच्या तोंडाशी झिजलेल्या दाढा ठेवून बघा. म्हातारा घोडा गवत तोंडात घेतो, घोळवतो, आणि गिळता न आल्यानं ओल्या वळकट्या करून खाली टाकतो. गव्हाणीखाली असे गोळे दिसले, किंवा लिदीत लांबच लांब काड्या दिसल्या, की दाढा संपत आल्यात असं समजावं. चावणं कमी झालं की लाळही कमी होते, कारण घोड्याची लाळ चावतानाच सुटते. एरवी ती दिवसाला तीस-चाळीस लिटर असते. नीट न चावलेला, कोरडा घास अन्ननलिकेत अडकतो. त्यात आणखी एक निसर्गाची तऱ्हा म्हणजे घोड्याला उलटी करता येत नाही. आमाशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेलं बाहेर यायचा रस्ताच बंद.

यावरचा उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. चारा बारीक करून, गोळीपेंड किंवा बीटाचा चोथा भरपूर पाण्यात भिजवून, दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा द्यायचा. पाणी कोमट द्यायचं, कारण गार पाणी म्हातारा घोडा टाळतो, आणि पाणी टाळलं की आतडं तुंबतं. आपल्याकडे म्हाताऱ्या घोड्याला मऊ म्हणून कोंड्यावर ठेवतात. थोडा कोंडा चालेल, पण कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी. नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याचं शरीर तो तोल सावरायला स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. जबड्याची हाडं सुजतात, ठिसूळ होतात. मायेनं दिलेला घास असा अंगाशी येतो.

हिवाळी केसांची गोष्ट तर मला या सगळ्यात सर्वांत सुरस वाटते. लोकरीसारखे दाट केस थंडी पडली म्हणून येत नाहीत. घोडा उजेड मोजतो. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागला, की डोळ्यांतून शिरणाऱ्या उजेडाचा हिशेब मेंदूतल्या पीनियल ग्रंथीपर्यंत जातो, मेलाटोनिनच्या रात्री लांबतात, आणि भर उन्हाळ्यात, अंगातून घाम निथळत असताना, कातडीखाली हिवाळ्याची तयारी सुरू होते. उलट डिसेंबरच्या अखेरीला दिवस वाढू लागला, की बाहेर बर्फ असलं तरी केस सुटायला लागतात. घोड्याचं शरीर हवामानावर विश्वास ठेवत नाही, सूर्यावर ठेवतं. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांवर जातो आणि सर्वांत लहान आठ तासांखाली येतो. मुंबईत हाच फरक सव्वातेरा आणि अकरा तासांचा. त्यामुळे आपल्याकडच्या घोड्यांत हा बदल सौम्य दिसतो.

पण एखाद्या वर्षी म्हाताऱ्या घोड्याचे केस गळतच नाहीत. चैत्र येतो, वैशाख येतो, बाकीचे घोडे तुकतुकीत दिसतात आणि हा मात्र अस्वलासारखा केसाळ, घामेघूम. पूर्वी लोक कौतुकानं म्हणत, वय झालंय, थंडी सोसत नाही, म्हणून देवानं पांघरूण ठेवलंय. खरं कारण मेंदूच्या तळाशी असतं. तिथल्या पियुषिका ग्रंथीच्या एका भागावर डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशींचा लगाम असतो. वयानुसार त्या पेशी मरत जातात, लगाम सुटतो आणि ग्रंथी एसीटीएचसारखी संप्रेरकं बेसुमार सोडू लागते. माणसाच्या मेंदूत डोपामिनच्याच पेशी, पण वेगळ्या जागच्या, मरू लागल्या की पार्किन्सन्स होतो. त्यामुळे पार्किन्सन्ससाठी बनवलेलं परगोलाइड हे औषध घोड्यांवर चाललं. माणसांच्या हृदयाच्या झडपांना त्यानं इजा होते असं दिसल्यावर २००७ मध्ये अमेरिकेत ते माणसांसाठी मागे घेतलं गेलं, आणि २०११ मध्ये तिथंच घोड्यांसाठी मंजूर झालं. पंधरा वर्षांवरच्या घोड्यांत दर पाचांत एकाला हा विकार असतो, असं ऑस्ट्रेलियातल्या पाहणीत दिसलं आहे. आणखी एक नवल म्हणजे निरोगी घोड्यातही हे संप्रेरक शरद ऋतूत आपोआप वाढतं. त्यामुळे त्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा ऋतूप्रमाणे मोजपट्टी बदलतात.

या विकाराचा घाव बसतो खुरांवर. खुराच्या आतलं हाड तळावर टेकलेलं नसतं. साडेपाचशे-सहाशे बारीक पापुद्र्यांनी ते खुराच्या भिंतीला आतून लटकलेलं असतं. चार-पाचशे किलोंचं जनावर स्वतःच्या नखांना टांगलेलं असतं म्हणा ना! या विकारात कित्येकदा होतं तसं रक्तात इन्सुलिन फार वाढलं की हे पापुद्रे ताणतात, सुटतात, आणि हाड तळाकडे फिरतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. याच्या वेदना भयंकर असतात. अशा घोड्याला पावसानंतरच्या लुसलुशीत गवतावर एकदम मोकळं सोडणं धोक्याचं, कारण त्या गवतात साखर भरपूर असते.

घोडा उभ्यानं झोपतो हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. कसं, ते मात्र फार थोड्यांना. मागच्या पायातली गुडघ्याची वाटी तो मांडीच्या हाडाच्या एका उंचवट्यावर अडकवून ठेवतो, आणि बाकीचे सांधे कंडरांच्या जोरावर आपोआप जागच्या जागी ताठ राहतात. स्नायूंना फारसं काम उरत नाही. तासन् तास असं उभं राहून तो डुलकी काढतो. पण ज्या गाढ झोपेत माणसाला स्वप्नं पडतात, ती झोप त्याला उभ्यानं येत नाही. त्या झोपेत स्नायू पूर्ण सैल पडतात, म्हणून त्याला रोज अर्धा-एक तास तरी आडवं व्हावंच लागतं. संधिवातानं आखडलेला म्हातारा घोडा आडवं व्हायला घाबरतो. खाली बसलो तर उठता येईल का, हे त्याचं भय असतं. दिवसांमागून दिवस तो बसतच नाही. मग एखाद्या दुपारी उभ्या उभ्या गाढ झोप त्याला गाठते, पुढचे गुडघे दुमडतात, आणि तो दचकून सावरतो. पुढच्या पायांच्या सांध्यांवर समोरून सोलवटलेल्या जखमा दिसल्या, की पशुवैद्य मोतद्दाराला विचारतात, हा शेवटचा आडवा कधी पडला होता? अंगाला माती किंवा भुसा लागलेला दिसणं ही म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत चांगली बातमी असते. वेदनाशामक औषध, जाड बिछाना आणि शेजारी एखादा ओळखीचा सोबती मिळाला, तर तो पुन्हा आडवा होऊ लागतो. कळपातलं एक जनावर जागं राहून पहारा करत असलं तरच दुसरं निर्धास्त झोपतं.

आपल्याकडे थंडीपेक्षा पाऊस कठीण. चार महिने ओल्यात उभं राहिलं की खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग सडतो, घाण वास येतो. भिजलेल्या केसांत हवा धरून राहत नाही, मग वीस अंशांतही हाडकुळा घोडा कुडकुडतो. त्यातच डंख मारणाऱ्या मोठ्या माश्या येतात आणि सर्रा आणतात. हा रोग फार जुना, पण त्याचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथं घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधला. ट्रिपॅनोसोम जातीच्या जंतूनं रोग होतो, हे जगाला पहिल्यांदा तिथं कळलं. ताप येतो-जातो, रक्त कमी होतं, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो. तरणा घोडा थोडे दिवस तग धरतो. म्हाताऱ्याचं मात्र हळूहळू वाळत जाणं हे वयाचंच लक्षण मानलं जातं, आणि रक्त तपासायचं कुणाला सुचत नाही. म्हणून पावसाआधी आणि पावसानंतर त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. केसांमुळे डोळ्यांना बरगड्या दिसत नाहीत. अमेरिकेतल्या डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये अंग किती भरलंय याची एक ते नऊ अशी जी मोजणी बसवली, तीसुद्धा हातानं चाचपूनच करायची असते.

आता अवघड भाग. शिकार होणाऱ्या जनावरानं दुखणं दाखवलं की ते आधी मारलं जातं, त्यामुळे घोडा दुखणं लपवण्यात पटाईत असतो. तरी चेहरा फितूर होतोच. २०१४ मध्ये संशोधकांनी त्याच्या चेहऱ्यावरच्या सहा खुणा निश्चित केल्या. ताठ मागे वळलेले कान, अर्धे मिटलेले डोळे, डोळ्यावरचा ताण, आवळलेले जबड्याचे स्नायू, आवळलेले ओठ, ताणलेल्या नाकपुड्या. या खुणा रोज दिसत असतील, आडवं होणं थांबलं असेल, चारा भिजवूनही अंग धरत नसेल, तर पुढचा ऋतू त्याला सोसेल का, हा प्रश्न तो ऋतू सुरू होण्याआधी विचारायला हवा. कारण घोड्याला अंथरुणाला खिळून राहता येत नाही. मोठा घोडा काही तास उठू शकला नाही, तर त्याच्याच वजनानं खालच्या बाजूचे स्नायू आणि नसा चेंगरतात, फुप्फुसं दबतात. त्याचं आजारपण शेवटी कुणाच्याही हातात राहत नाही, आणि मध्यरात्री, भर पावसात, डॉक्टरची वाट बघत ते संपतं.

१९३० मध्ये डोरोथी ब्रूक ही इंग्रज बाई कैरोला गेली. पहिलं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश फौजेनं आपले हजारो घोडे तिथंच विकून टाकले होते. वीस-वीस वर्षांचे झालेले ते घोडे दगडांच्या गाड्या ओढत होते. १९३१ मध्ये तिनं ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, आणि तीन वर्षांत तिनं पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेकांना तिनं शांतपणे मरण दिलं. त्याआधी पोटभर चारा, पाणी आणि अंग टाकायला मऊ बिछाना दिला. १९३४ मध्ये तिनं कैरोत काढलेल्या रुग्णालयातून उभी राहिलेली संस्था आज भारतातही काम करते. पाच हजार घोडे विकत घेऊन मारणं हे आपल्या मनाला पटकन पचत नाही. आपल्याकडे जनावराला मारण्याचं पाप नको, म्हणून त्याला मोकळं सोडून देतात. थंड हवेच्या ठिकाणी हंगाम संपल्यावर रस्त्याकडेला प्लास्टिक चघळणारी तट्टं कुणी पाहिली नसतील? मला विचाराल तर ब्रूकबाईंचं करणं जास्त धर्माचं होतं. कायदाही तेच सांगतो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला उपासमारीत टाकून देणं हा गुन्हा आहे, आणि जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल अशा जनावराला वेदनेतून सोडवायची तरतूदही त्यात आहे.

मरणानंतरचाही विचार आधी करावा लागतो. थंड देशांत जमीन गोठली की खड्डा खणता येत नाही. कोकणात पावसात खणलेला खड्डा पाण्यानं भरतो. शेवटचं इंजेक्शन पेंटोबार्बिटलचं असेल तर ते मांसात दीर्घकाळ टिकून राहतं आणि मेलेलं जनावर खाणाऱ्या कुत्र्या-गिधाडांनाही मारतं, म्हणून खोल पुरणं भागच असतं. वेदनाशामकांची तीच कथा. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांची कलेवरं खाऊन भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, दुखऱ्या घोड्यालाही चालतं. तेव्हा दुकानातून माणसांसाठीची डायक्लोफेनॅकची कुपी आणून टोचण्याआधी डॉक्टरला विचारा. आणि त्या घोड्याचा सोबती असेल, तर त्याला कलेवराजवळ जाऊ द्या. तो हुंगतो, थोडा वेळ थांबतो, मग चरायला लागतो. न दाखवता नेलं, तर कित्येकदा तो दिवसचे दिवस हाका मारत फिरतो.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १९८२च्या बॉम्बस्फोटात चौतीस जखमा होऊन वाचलेला सेफ्टन हा घोडा पुढे निवृत्त घोड्यांच्या आश्रमात राहिला. १९९३ मध्ये, तीस वर्षांचा असताना, जुन्या जखमांनी त्याचं चालणं असह्य झालं, तेव्हा त्याला झोपवण्यात आलं. इतक्या लाडक्या घोड्याच्या बाबतीतही कुणी आणखी एक हिवाळा मागितला नाही.

दसऱ्याला घोड्याला न्हाऊ घालून, झूल चढवून, झेंडूची माळ घालून पूजा करायची आपली रीत आहे. ज्यांच्या दारी म्हातारा घोडा आहे त्यांनी यंदा पूजेनंतर त्याचं तोंड डॉक्टरकडून उघडून घ्यावं, रक्त तपासून घ्यावं, आणि एका कागदावर तीन गोष्टी लिहून तो तबेल्यात अडकवावा. रात्री येऊ शकेल अशा डॉक्टरचा नंबर, जेसीबी पोचेल अशी पुरायची जागा, आणि आपण घरी नसलो तर निर्णय कुणी घ्यायचा त्याचं नाव.